उंबरठ्यावरचं सोनं

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचा घुमट लांबूनही पिवळाधमक दिसतो. रणजितसिंह महाराजांनी १८३२ ते १८३७ या काळात ही वास्तू उभारून घेतली. सोनं पिवळं असतं हे सांगायला कुणाला पदार्थविज्ञान शिकावं लागत नाही. पण कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेली रॅपिड टेस्टची पट्टी आठवा. तिच्यावर उमटणारी लालसर-गुलाबी रेघ बहुतेक किटमध्ये सोन्याचीच असते. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीतली रेघही तशीच. आणि सोन्याचा वर्ख दोन काचांमध्ये सपाट धरून उजेडाकडे बघितला, तर पलीकडचं सगळं हिरवट-निळसर दिसतं.

पिवळं, लाल, हिरवं. धातू एकच, त्यात भेसळ नाही की रंग मिसळलेला नाही. सराफाने कसोटीवर घासलं तर तिन्ही सोनं एकाच कसाचं ठरेल.

याहून चमत्कारिक अशी सोन्याची चौथी अवस्था आहे. काचेवर सोन्याचा थर अगदी पातळ, इतका पातळ बसवला की तो अखंडही नाही आणि सुटासुटाही नाही, तर त्याला स्वतःचा असा रंगच उरत नाही. तो धुरकट, करडा-निळा दिसतो आणि अंगावर पडलेल्या प्रकाशाचा मोठा वाटा गिळून टाकतो. दृश्य प्रकाशातले बहुतेक रंग आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही. ही अवस्था नेमकी कशी येते, हे आपल्याला बघायचं आहे.

आधी अखंड सोनं

धातूत काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात. ते एका अणूला बांधलेले नसतात, सगळ्या तुकड्याचे मिळून असतात. प्रकाश ही विजेची आणि चुंबकत्वाची लाट. ती धातूवर पडली की हे मोकळे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलतात, आणि हलणारे इलेक्ट्रॉन स्वतःच नवी लाट तयार करून उलटी फेकतात. धातूची चकाकी ती हीच. आत घुसलेला प्रकाश काही दहा नॅनोमीटरमध्येच मावळतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

मग सोनं चांदीसारखं पांढरं का नाही? सोन्यात मोकळ्या इलेक्ट्रॉनांखेरीज जरा खोल बसलेले इलेक्ट्रॉनही असतात. निळ्या प्रकाशाची ऊर्जा त्यांना वर उचलायला पुरेशी असते, म्हणून निळा शोषला जातो. लाल-पिवळा परत फिरतो आणि दागिना पिवळा दिसतो. चांदीत हेच घडायला अतिनील प्रकाश लागतो, त्यामुळे दिसणारे सगळे रंग ती परत पाठवते.

वर्खातून दिसणारा हिरवा रंगही याच हिशेबातला. लाल-पिवळा पृष्ठभागावरूनच परतला, निळ्या-जांभळ्याचा बराच भाग शोषला गेला, उरलेला हिरवा-निळसर पलीकडे गेला. मायकेल फॅरेडेनं हे नीट तपासलं. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यानं सोन्याच्या आणि इतर धातूंच्या प्रकाशाशी असलेल्या संबंधावर व्याख्यान दिलं. त्याच्याकडचा वर्ख साधारण ९० नॅनोमीटर जाडीचा होता. काचेवर बसवलेला हा वर्ख तापवला की त्यातून दिसणारा हिरवा रंग नाहीसा व्हायचा आणि पांढरा उजेड आरपार यायचा. मग त्याच जागी अकीकाच्या दगडाने घोटलं की हिरवा रंग परत! सोनं तेवढंच, जागाही तीच. फॅरेडेला इतकं कळलं होतं की सोनं कोणत्या रूपात आहे यावर रंग ठरतो. तापल्यावर वर्ख आक्रसून त्याचे कण होतात आणि मधल्या भोकांतून उजेड येतो, हे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं.

सोन्याचं एकटं बेट

आता सोन्याचा एकच कण घ्या, वीस-तीस नॅनोमीटरचा. त्यातले इलेक्ट्रॉन मोकळे आहेत, पण कणाच्या हद्दीपुरतेच. प्रकाशानं त्यांना एका बाजूला ढकललं की त्या बाजूला ऋण भार साचतो आणि मागे धन भार उघडा पडतो. तो धन भार त्यांना मागे ओढतो. ते परत येतात, वेगात असल्यामुळे दुसऱ्या बाजूला जातात, पुन्हा ओढले जातात. अशा आंदोलनाला स्वतःची एक ठरलेली गती असते. प्रकाशाचा ताल या गतीशी जुळला की कण भरपूर ऊर्जा शोषतो. याला अनुनाद म्हणतात.

पाण्यात तरंगणाऱ्या सोन्याच्या छोट्या गोल कणांचा अनुनाद सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे हिरव्या प्रकाशाला येतो. हिरवा गेला, लाल उरला. रॅपिड किटची रेघ अशी लाल होते. चांदीच्या कणांचा अनुनाद जांभळ्याच्या आसपास असतो, म्हणून ते द्रावणात पिवळे दिसतात. कण गोल नसून लांबट असेल तर इलेक्ट्रॉनांना धावायला जास्त अंतर मिळतं, ओढ सैल पडते आणि अनुनाद लालाकडे, अगदी अवरक्तातही सरकतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली शास्त्री यांच्या गटानं २००४ साली गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी चपटे कण तयार केले होते. ते नेमका हा अवरक्त प्रकाश शोषत. आकार बदलला की रंग बदलतो, हे लक्षात ठेवा. पुढे त्यावरच सगळं उभं आहे.

काचेवर सोनं बसतं कसं

प्रयोगशाळेत पातळ थर बसवायची जुनी रीत साधी आहे. एका बंद घंटेतली हवा पंपानं काढून टाकतात. आत टंगस्टनच्या छोट्या पन्हाळीत सोन्याचा तुकडा ठेवून तिच्यातून वीज सोडतात. सोनं वितळतं, त्याची वाफ होते आणि वर टांगलेल्या काचेवर जाऊन बसते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही पातळ थरांवर संशोधन चालतं. पण तिथला भर मुख्यतः धातूंच्या ऑक्साइडांवर, रासायनिक रीतीनं बसवलेल्या थरांवर आहे. शुद्ध धातूच्या थराच्या खोडी वेगळ्याच.

पहिली खोड अशी की सोन्याचे अणू काचेवर एकसारखे पसरत नाहीत. काचेला चिकटण्यापेक्षा त्यांना एकमेकांना चिकटणं सोयीचं पडतं, कारण तसं केल्यानं ऊर्जा कमी लागते. काचेवर पडलेला अणू थोडा इकडेतिकडे सरकतो, दुसरा भेटला की तिथंच थांबतो, तिसरा येऊन मिळतो. अशी बेटं तयार होतात. म्हणून यंत्र ‘जाडी ३ नॅनोमीटर’ दाखवतं तेव्हा काचेवर ३ नॅनोमीटरचा थर मुळीच नसतो. तेवढ्या सोन्याची बेटं असतात, त्याहून उंच, आणि मध्ये उघडी काच.

काळ्या रानातली डबकी

पुढं काय होतं ते समजायला प्रयोगशाळा नको. श्रावणात औशाच्या किंवा कंधारच्या काळ्या रानात जाऊन उभं राहावं. भेगा बुजून जमीन पाणी प्यायची थांबली की खोलगट जागी डबकी साचू लागतात. सुरुवातीला लहान, गोलसर, सुटी. पाऊस चालू राहिला की शेजारची दोन डबकी मिळतात आणि एक लांबोडकं डबकं होतं. त्याला तिसरं येऊन मिळतं. थोड्या वेळानं रानात वेडीवाकडी, फाटे फुटलेली डबकी दिसतात. पण या बांधापासून त्या बांधापर्यंत पाण्यातून सलग जायला वाट नसते. मग कुठं तरी चार बोटं माती बुडते आणि एकदम वाट होते. पाऊस आधीच्या मिनिटाला पडला तेवढाच याही मिनिटाला पडला. पण रान आता दुसरंच झालं. अजून पाऊस पडला की उलटं चित्र: सगळीकडे पाणी आणि मध्ये मध्ये मातीचे उंचवटे.

सलग वाट होते त्या क्षणाला पदार्थविज्ञानात पर्कोलेशनचा उंबरठा म्हणतात. आपण पाझर-उंबरठा म्हणू. सायमन ब्रॉडबेंट आणि जॉन हॅमर्सली यांनी १९५७ साली हे गणित मांडलं, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न गॅस मास्कमधल्या कोळशाच्या छिद्रांतून वायू कसा वाट काढतो हा होता. सपाट जागेवर सारख्या गोल चकत्या कशाही, एकमेकींवर चढतील अशा टाकत गेलं तर जागेचा सुमारे ६७.६ टक्के भाग झाकला गेल्यावर सलग वाट तयार होते. खऱ्या सोन्याच्या थरातही हा आकडा साधारण दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. काच कोणती, ती किती तापलेली, सोनं किती वेगानं बसलं, यावर तो मागेपुढे होतो. खोलीच्या तापमानाला काचेवर सोन्याचा उंबरठा सर्वसाधारणपणे ५ ते १० नॅनोमीटरच्या दरम्यान येतो.

विजेला हा उंबरठा लगेच कळतो. अलीकडे थराचा रोध प्रचंड असतो; एका बेटावरून दुसऱ्यावर इलेक्ट्रॉन क्वचितच उडी मारतात. उंबरठा ओलांडला की रोध लाखो पटींनी कोसळतो. थर मात्र नॅनोमीटरभरच वाढलेला असतो.

┌──────────────────────
चौकट : एका तोळ्याचा हिशेब

सोन्याची घनता १९.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. म्हणजे १० ग्रॅमचा तोळा अर्ध्या घनसेंटिमीटरला जेमतेम थोडा जास्त भरतो. तो १० नॅनोमीटर जाडीत पसरला तर सुमारे ५२ चौरस मीटर, म्हणजे साडेपाचशे चौरस फूट जागा झाकेल. एका छोट्या फ्लॅटची सगळी फरशी! या थरात उंचीला अणूंचे चाळीसेक पदर असतील.

मिठाईवरचा चांदीचा वर्ख याच्या तुलनेत भलता जाड. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे एका चौरस मीटर वर्खाचं वजन २.८ ग्रॅमपर्यंत चालतं. त्याची जाडी सुमारे २७० नॅनोमीटर भरते. म्हणून पेढ्यावरची चांदी चांदीच दिसते, तिच्यातून पेढा दिसत नाही.
└──────────────────────

प्रकाशाला काय दिसतं

सोनं बसत जाताना काचेतून बघत राहिलं तर रंग क्रमानं बदलतात. आधी फिकट गुलाबी. बेटं मोठी आणि जवळ झाली की जांभळट, कारण शेजारच्या बेटांचे भार एकमेकांवर परिणाम करतात आणि अनुनाद लालाकडे सरकतो. मग निळसर. मग तो धुरकट करडा-निळा. आणि उंबरठा मागे पडून थर सलग झाला की वर्खाचा हिरवा.

मधल्या धुरकटपणाचं कारण आता सांगता येतं. उंबरठ्याजवळच्या रानात डबकी एका मापाची नसतात. वीतभर असतात, खोलीएवढी असतात, अर्ध्या रानात पसरलेली, फाटे फुटलेलीही असतात. सोन्याच्या थरातही तसंच. प्रत्येक आकाराचा अनुनाद निराळा. गोलसर बेट हिरवा शोषतं, लांबट बेट लाल, लांब वाकडी साखळी अवरक्त. सगळे आकार एकाच काचेवर हजर असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक तरंगलांबीला शोषणारं कुणी ना कुणी सापडतंच. पडलेल्या प्रकाशापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रकाश असा गिळला जातो. हा आकडा लहान वाटत असेल तर एवढं ध्यानात घ्या: तरंगलांबीहून खूप पातळ असलेल्या मोकळ्या थरावर एका बाजूनं प्रकाश पडला तर तो जास्तीत जास्त निम्माच शोषू शकतो, अशी विद्युतचुंबकत्वाच्या नियमांचीच मर्यादा आहे. दहा नॅनोमीटरचं ओबडधोबड सोनं त्या मर्यादेच्या जवळ पोचतं, तेही कुठली खास रचना न करता. मला या विषयातलं सगळ्यांत मोठं नवल हेच वाटतं.

अवरक्त प्रकाशात तर उंबरठा मोजपट्टीवर दिसतो. उंबरठ्याच्या अलीकडे तरंगलांबी वाढवत नेली की थरातून जास्त जास्त प्रकाश पलीकडे जातो, काचेसारखा. पलीकडे उलट: तरंगलांबी वाढली की कमी कमी जातो, धातूसारखा. आणि बरोबर उंबरठ्यावर आलेख जवळजवळ आडवा. तरंगलांबी काहीही असो, पलीकडे जाणारा वाटा तेवढाच. १९८० नंतरच्या दशकात फ्रान्स आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी सोन्याच्या थरांवर हे बारकाईनं मोजलं.

इथं एक गंमत आहे. थर उंबरठ्याच्या किंचित पलीकडे असेल तर वीज त्यातून वाहते, म्हणजे विजेच्या लेखी तो धातू. दृश्य प्रकाशाला मात्र तोच थर अजून सुटी बेटं वाटतो. कारण वेळेत आहे. घरातल्या विजेची दिशा सेकंदात पन्नास वेळा मागेपुढे होते. तेवढ्यात इलेक्ट्रॉनांना सगळं वळणावळणाचं जाळं पालथं घालता येतं. दृश्य प्रकाशाच्या एका आंदोलनाला मात्र एक अब्जांश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट एवढाच वेळ लागतो, आणि तेवढ्यात सोन्यातला इलेक्ट्रॉन जेमतेम तीन नॅनोमीटर धावतो. दूरची वाट जोडलेली आहे की तुटलेली, हे त्याला कळायला वेळच मिळत नाही. तरंगलांबी जितकी मोठी, तितका वेळ जास्त आणि तितकं जाळं ‘दिसतं’ जास्त.

गणित कुठं अडलं

कणांच्या रंगाचं पहिलं उपयोगी सूत्र १९०४ साली जे. सी. मॅक्सवेल गार्नेट यांनी दिलं. त्यांचे वडील विल्यम गार्नेट हे प्रकाशाचा सिद्धांत मांडणाऱ्या मॅक्सवेलचे सहायक होते, त्यांनीच मुलाला गुरूचं नाव दिलं. सूत्र छान आहे, पण कण विरळ असतील तरच. ते एका धातूच्या कणाला कायम काचेनं वेढलेलं धरतं. कण कितीही वाढले तरी त्या गणितात ते एकमेकांना जोडले जातच नाहीत. १९३५ साली ब्रुगेमान यांनी धातू आणि काच यांना समान मान दिला: कोण कोणाला वेढतंय हे आधी ठरवायचं नाही. मग सपाट थरात निम्मी जागा भरली की उंबरठा आपोआप गणितातून बाहेर येतो. खरा आकडा निम्म्याहून जास्त असला तरी हे मोठं पाऊल होतं. पण दोन्ही सूत्रं थराची सरासरी काढतात, आणि उंबरठ्यावर सरासरी फसवी ठरते.

फटीत साठलेला प्रकाश

कारण तिथं प्रकाश सगळीकडे सारखा नसतो. दोन डबक्यांमधल्या चिंचोळ्या मातीसारखी सोन्याच्या दोन बेटांमध्ये नॅनोमीटर-दोन नॅनोमीटरची फट असते. तिच्या दोन्ही काठांवर विरुद्ध भार साचतात आणि एवढ्याशा जागेत विजेचं क्षेत्र भयंकर वाढतं. १९९९ साली पॅरिसमध्ये उंबरठ्याजवळच्या सोन्याच्या थरावर अतिसूक्ष्म टोक फिरवून हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं: थराचा बराचसा भाग मंद, आणि इथं-तिथं झगमगते ठिपके. प्रकाशाचा रंग बदलला की ठिपक्यांची जागा बदले.

या ठिपक्यांचा धंदा मोठा आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जो परिणाम शोधला, त्यात रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश रंग बदलून येतो आणि त्यावरून रेणू ओळखता येतो. अंश इतका थोडा की पदार्थ अल्प असेल तर हाती काही लागत नाही. १९७४ साली साउदॅम्प्टनमध्ये खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूंचा रामन संकेत अनपेक्षितपणे मोठा आलेला दिसला. त्याच्या मागे चांदीच्या खाचाखोचांतलं हेच वाढलेलं क्षेत्र असल्याचं पुढं कळलं. आज फळभाज्यांवर उरलेलं कीटकनाशक किंवा दुधातली भेसळ ओळखायला अशा खडबडीत सोन्या-चांदीच्या पट्ट्या वापरण्यावर जगभर काम चालू आहे. इथं थर मुद्दाम उंबरठ्याजवळ थांबवतात.

खिडकीच्या काचेत मात्र उलटं

नांदेड-लातूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जाणं नवीन नाही. नव्या इमारतींत मोठ्या काचा बसवण्याची हौसही वाढली आहे. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा अवरक्तातली असते; ती डोळ्यांना काही दाखवत नाही, खोली मात्र तापवते. उष्णता अडवणाऱ्या चांगल्या काचेवर चांदीचा १० ते १५ नॅनोमीटरचा थर असतो. तो उजेड आत सोडतो आणि अवरक्त परत फिरवतो. एक ग्रॅम चांदी अशा दहा नॅनोमीटरच्या थरात जवळजवळ शंभर चौरस फूट काच झाकते, म्हणून ते परवडतं.

अट एकच: चांदी सलग हवी. ती उंबरठ्याच्या अलीकडे राहिली तर काच निळसर-करडी होते, हवा असलेला उजेड गिळते आणि नको असलेलं अवरक्त आत सोडते. चांदीला बेटं करायची खोड सोन्यासारखीच. म्हणून कारखान्यात आधी झिंक ऑक्साइडचा थर देतात. त्यावर चांदी नीट पसरते आणि कमी जाडीतच सलग होते. उंबरठा जितका खाली आणता येईल तितकी काच चांगली, असा हा सगळा खटाटोप आहे.

घर बांधत असाल तर दुकानात काचेच्या गडद रंगावर जाऊ नका. नुसती रंगीत काच ऊन शोषून स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आतच सोडते. दोन आकडे मागा: उजेड किती टक्के आत येतो, आणि उन्हाची एकूण उष्णता किती आत येते, दुसऱ्याला कंपनीच्या कागदावर एसएचजीसी म्हणतात. पहिला मोठा आणि दुसरा लहान हवा. आणि चांदीच्या थराची काच घ्यायची तर दोन काचांच्या सीलबंद जोडीतलीच घ्या, थर बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असलेली. उघड्या हवेत हा थर टिकत नाही.